टोरंटो मेपल लीफ्स आणि त्यांचे 13 स्टॅनली कप : नवीन मराठी फॅन्सचे नेहमीचे प्रश्न

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनला नवीन आलेली आपली मंडळी पहिल्या हिवाळ्यातच विचारायला लागतात की ही निळी जर्सी घालून सगळे फिरतात ते काय प्रकरण आहे, आणि लगेच ऑफिसातला कोणीतरी सांगतो की अरे ही आपली आइस हॉकीची टीम, मेपल लीफ्स, 1967 नंतर स्टॅनली कप जिंकलीच नाहीये. ते खरं आहे. पण तेवढंच सांगून थांबलं की आधीचे 13 कप आणि त्यातल्या माणसांच्या गोष्टी राहूनच जातात, आणि माझ्या मते आइस हॉकीतल्या सगळ्यात भारी गोष्टींपैकी निम्म्या तरी तिथेच आहेत. म्हणून हे सगळं एका जागी लिहिलंय.

लीफ्सने एकूण किती कप जिंकलेत आणि कधी कधी?

13. वर्षं अशी: 1918, 1922, 1932, 1942, 1945, 1947, 1948, 1949, 1951, 1962, 1963, 1964 आणि 1967. यांच्यापेक्षा जास्त फक्त मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे आहेत, 24. तिसऱ्या नंबरवर डेट्रॉइट रेड विंग्ज, 11. म्हणजे इतकी वर्षं कप नसूनही लीफ्स अजून दुसऱ्या नंबरवरच आहेत, हे बरेच जण विसरतात.

हा स्टॅनली कप म्हणजे एनएचएलचीच (नॅशनल हॉकी लीग) ट्रॉफी ना?

आता हो, पण कप लीगपेक्षा जुना आहे. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी तो 1892 मध्ये दिला, 1893 पासून तो द्यायला लागले आणि एनएचएल सुरू झाली 1917 मध्ये. सुरुवातीची काही वर्षं एनएचएलचा विजेता आणि पश्चिमेकडच्या लीगचा विजेता यांच्यात कपसाठी सिरीज व्हायची. कपची खासियत म्हणजे जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूचं नाव त्यावर कोरतात, पट्टे भरले की जुना पट्टा काढून म्युझियममध्ये ठेवतात आणि नवीन लावतात. 1963 च्या कोरीवकामात लीफ्सच्या नावाचं स्पेलिंगच चुकलंय, एफच्या जागी ई पडलाय, आणि ती चूक तशीच राहिली.

1918 आणि 1922 ला तर लीफ्स हे नावच नव्हतं, मग ते कप यांच्या खात्यात कसे?

कारण फ्रँचायझी तीच, नाव बदलत गेलं. 1918 ची टीम टोरंटो अरीना कंपनी चालवायची म्हणून नंतर तिला अरीनाज म्हणायला लागले, एनएचएलच्या पहिल्याच सीझनमध्ये त्यांनी व्हँकुव्हर मिलियनेअर्सला 3-2 ने हरवलं. तेव्हा पूर्वेचे नियम वेगळे आणि पश्चिमेचे वेगळे, म्हणून एक मॅच यांच्या नियमाने तर पुढची त्यांच्या नियमाने अशी सिरीज झाली. 1922 ला नाव होतं सेंट पॅट्रिक्स, जर्सी हिरवी, समोर परत व्हँकुव्हर आणि परत 3-2, बेब डाय नावाच्या खेळाडूने एकट्याने 9 गोल मारले.

मग फेब्रुवारी 1927 मध्ये कॉन स्माइथ आणि त्यांच्या ग्रुपने टीम विकत घेतली आणि सीझन चालू असतानाच नाव मेपल लीफ्स केलं. स्माइथ पहिल्या महायुद्धात लढून आलेले, कॅनेडियन सैनिकांच्या बॅजवरचं मेपलचं पान त्यांना टीमच्या छातीवर हवं होतं. रंगही हिरव्याचा निळा-पांढरा झाला.

1914 ला पण टोरंटोने कप जिंकला होता असं वाचलं, तो का धरत नाहीत?

तो टोरंटो ब्लूशर्ट्सचा, एनएचएलच्या आधीच्या लीगमधला. शहर तेच पण क्लब वेगळा धरतात, म्हणून लीफ्सच्या 13 मध्ये तो नाही.

1932 चा कप आणि गार्डन्सचा काय संबंध?

खूप संबंध आहे. जगभर मंदी, लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या, आणि स्माइथ म्हणतात मला नवीन स्टेडियम बांधायचंय. बँका तयार नाहीत, पैसे कमी पडतात, शेवटी बांधकाम कामगारांनी पगाराचा काही भाग रोख न घेता शेअर्समध्ये घ्यायचं कबूल केलं आणि काम सुरू झालं. साधारण साडेपाच महिन्यांत मेपल लीफ गार्डन्स उभं राहिलं, 12 नोव्हेंबर 1931 ला पहिली मॅच झाली (शिकागोकडून हरले ती) आणि त्याच सीझनला कप घरी. फायनलला न्यूयॉर्क रेंजर्सला सरळ तीन मॅचमध्ये उडवलं, स्कोअर 6-4, 6-2, 6-4, त्यामुळे लोक त्याला टेनिसची सिरीज म्हणायला लागले.

त्या टीममध्ये प्रिमो, कोनाकर आणि जॅक्सन या तीन पोरांची तिकडी होती, त्यांना किड लाइन म्हणायचे. आणि डिफेन्सला किंग क्लॅन्सी, ज्याला ऑटावाकडून आणायला 35,000 डॉलर आणि दोन खेळाडू द्यावे लागले. ते पैसे जमवायला स्माइथ यांच्या रेअर जुएल नावाच्या घोडीने रेस जिंकून हातभार लावला, ही कथा नसून खरंच झालेलं आहे.

1942 चं एवढं कौतुक का करतात सगळे?

कारण तसं ना त्याआधी झालं ना त्यानंतर. फायनलला समोर डेट्रॉइट, सात मॅचची सिरीज, आणि लीफ्स पहिल्या तिन्ही मॅच हरले. 3-0. एक अजून हरली की खलास. कोच हॅप डे यांनी काय केलं तर त्या सीझनला टीमचा सगळ्यात जास्त पॉइंट्स (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत, दोन्ही धरून) करणारा गॉर्डी ड्रिलन आणि डिफेन्समधला बको मॅकडोनाल्ड या दोघांना बाहेर बसवलं, डॉन मेट्झसारख्या फारशा कोणाला माहीत नसलेल्या पोरांना आत घेतलं. विचार करा, फायनल हातातून चाललीये आणि कोच आपलाच स्टार बसवतो. चौथी मॅच 4-3 जिंकले. त्या मॅचनंतर डेट्रॉइटचे कोच जॅक ॲडम्स चिडून रेफरीच्या अंगावर गेले आणि त्यांच्यावर बंदी आली. पाचवी 9-3, यात डॉन मेट्झनेच तीन गोल मारले. सहावी 3-0, गोलमध्ये टर्क ब्रोडा भिंत होऊन उभा.

सातवी मॅच 18 एप्रिल 1942, गार्डन्समध्ये 16,000 च्या वर लोक. तिसरा पीरियड, म्हणजे मॅचचा शेवटचा भाग, सुरू होताना लीफ्स 0-1 ने मागे. स्वीनी श्राइनरने बरोबरी केली, पीट लँजेलने पुढे नेलं, श्राइनरने परत एक मारला आणि 3-1. कॅप्टन सिल ॲप्स.

एनएचएलमध्ये 3-0 वरून सिरीज फिरवणाऱ्या टीम नंतर झाल्या, आयलँडर्स 1975, फ्लायर्स 2010, किंग्ज 2014, पण त्या सगळ्या आधीच्या राउंडमध्ये. फायनलला हे फक्त लीफ्सनी केलंय. 2024 ला एडमंटन 3-0 वरून 3-3 पर्यंत आलं, सातव्या मॅचमध्ये 2-1 ने हरलं, तेव्हा कळलं हे किती अवघड आहे ते. मला कोणी विचारलं की लीफ्सचा सगळ्यात मोठा कप कुठला तर मी डोळे झाकून 1942 म्हणतो, 1967 नाही.

1945 च्या गोलकीपरची काय गोष्ट आहे?

ब्रोडा सैन्यात गेलेला, म्हणून फ्रँक मॅकूल नावाचा नवखा गोलकीपर उभा केला. बिचाऱ्याला पोटात अल्सर, दुखण्याने हैराण. त्याने फायनलच्या पहिल्या तिन्ही मॅचमध्ये डेट्रॉइटला एकही गोल करू दिला नाही. 1-0, 2-0, 1-0. मग डेट्रॉइटने उलट तीन जिंकल्या, म्हणजे 1942 चंच उलटं होणार अशी वेळ आली, पण सातवी मॅच लीफ्सने डेट्रॉइटमध्ये जाऊन 2-1 ने काढली.

सलग तीन कप कधी?

1947, 48, 49. एनएचएलमध्ये सलग तीन जिंकणारी ही पहिली टीम. 1947 ला मॉन्ट्रियलला 4-2, पुढची दोन्ही वर्षं डेट्रॉइटला 4-0. मधे स्माइथ यांनी शिकागोच्या मॅक्स बेंटलीसाठी स्वतःचे पाच खेळाडू देऊन टाकले, केवढी मोठी रिस्क, पण जमली. 1949 चं विशेष म्हणजे सीझनमध्ये टीम चौथी आली होती, जिंकलेल्या मॅच हरलेल्यांपेक्षा कमी, तरी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, फिरली. सिल ॲप्स 1948 चा कप घेऊन रिटायर झाला आणि टेड केनेडी कॅप्टन झाला.

बिल बॅरिल्को कोण?

हे जरा नीट सांगतो.

1951 ची फायनल, समोर मॉन्ट्रियल. लीफ्स 4-1 ने जिंकले पण पाचच्या पाच मॅच ओव्हरटाइमला गेल्या. पाचवी मॅच 21 एप्रिलला, लीफ्स 1-2 ने मागे, शेवटचं मिनिट चालू, गोलकीपर काढून एक्स्ट्रा माणूस टाकला आणि टॉड स्लोनने 32 सेकंद बाकी असताना बरोबरी केली. ओव्हरटाइमला तीन मिनिटंही झाली नसतील, डिफेन्सचा पोरगा बॅरिल्को, ज्याने खरं तर मागे थांबायचं, तो पुढे धावत आला आणि स्वतःला झोकून देत पक (खेळायची रबरी चकती) मारला. त्याचा एक फोटो आहे, बॅरिल्को हवेत आडवा आणि पक गोलकीपरच्या वरून जाळ्यात, तो एकदा बघाच. वय 24, पाच सीझन खेळला आणि त्यात चार कप.

त्यानंतर त्याने एनएचएलची एकही मॅच खेळली नाही. त्याच ऑगस्टमध्ये तो एका मित्राबरोबर छोट्या विमानाने उत्तर क्वेबेकमध्ये मासे पकडायला गेला. 26 ऑगस्टला परत येताना विमान गायब. कॅनडाने तोपर्यंतच्या सगळ्यात मोठ्या शोधमोहिमांपैकी एक काढली, काही सापडलं नाही. घरच्यांना ना बातमी ना काही. वर्षं जात राहिली आणि लीफ्सनाही कप मिळेना, 52 नाही, 55 नाही, 60 नाही. शेवटी 22 एप्रिल 1962 ला लीफ्सने शिकागोत कप जिंकला, आणि त्याच जूनमध्ये ओंटारियोतल्या कॉकरनच्या उत्तरेला घनदाट जंगलात एका हेलिकॉप्टर पायलटला विमानाचे अवशेष दिसले. अकरा वर्षं कप नाही आणि अकरा वर्षं बॅरिल्को नाही.

त्याचा 5 नंबर परत कोणाला देत नाहीत. 6 नंबर पण तसाच, तो एस बेलीचा, 1932 च्या टीममधला, 1933 ला बॉस्टनच्या एडी शोअरने पाडल्यावर डोक्याला मार लागून ज्याचं करिअर संपलं. कितीतरी वर्षं असे रिटायर केलेले नंबर हे दोनच होते, बाकीच्यांना 2016 ला तो मान मिळाला.

साठच्या दशकात एकदम चार कप कसे आले?

कोच आणि मॅनेजर दोन्ही एकच, पंच इमलाक नावाचा अत्यंत कडक माणूस, खेळाडूंचं त्याच्याशी पटायचंच असं नाही. पण इतरांनी म्हातारे म्हणून सोडलेले खेळाडू त्याने गोळा केले आणि त्यांच्याकडून काम काढून घेतलं. 1962 शिकागो 4-2, 1963 डेट्रॉइट 4-1, 1964 डेट्रॉइट 4-3.

1964 मधला बॉब बॉन ऐका. सहावी मॅच डेट्रॉइटमध्ये, हरले तर संपलं. तिसऱ्या पीरियडला डेट्रॉइटच्या गॉर्डी होचा शॉट बॉनच्या घोट्याजवळ लागला, स्ट्रेचरवरून बाहेर नेला. त्याने पाय बधिर करून घेतला, टेप गुंडाळला, बूट चढवला आणि ओव्हरटाइमला परत बर्फावर. दोन मिनिटांच्या आत त्याचा शॉट डेट्रॉइटच्या खेळाडूच्या स्टिकला लागून आत गेला, मॅच जिंकली. सातवी मॅच पण खेळला, 4-0, आणि त्यानंतरच एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं.

1967 चा कप एवढा खास का, फक्त शेवटचा म्हणून?

शेवटचा म्हणून तर आहेच पण त्या टीमकडून कोणाची अपेक्षाच नव्हती. सीझनच्या मधे सलग दहा मॅच हरले, इमलाक आजारी पडून हॉस्पिटलमध्ये गेले, तात्पुरतं कोचिंग किंग क्लॅन्सीने केलं (तोच 1932 वाला) आणि टीम परत जिंकायला लागली. वयं बघा, गोलकीपर जॉनी बाउअर 42, ॲलन स्टॅनली 41, रेड केली 39, दुसरा गोलकीपर टेरी सॉचक आणि टिम हॉर्टन 37. पहिल्या नंबरवर आलेल्या शिकागोला सेमीफायनलला 4-2, मग फायनलला मॉन्ट्रियल. कॅनडाचं शंभरावं वर्ष, मॉन्ट्रियलमध्ये जागतिक प्रदर्शन नुकतंच उघडलेलं, तिकडच्या लोकांनी कप आपलाच धरला होता.

तिसरी मॅच दुसऱ्या ओव्हरटाइमला बॉब पुलफर्डने काढली. चौथीच्या वॉर्मअपला बाउअरला दुखापत झाली, सॉचक आला, ती हरले पण पुढच्या दोन सॉचकने जिंकून दिल्या. सहावी मॅच 2 मे ला गार्डन्समध्ये, लीफ्स 2-1 पुढे, एकाच मिनिटाच्या आसपास वेळ बाकी, मॉन्ट्रियलने गोलकीपर काढला आणि फेसऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ परत सुरू करतात तो) लीफ्सच्या बाजूला. इमलाकने पाठवलं कोणाला तर सगळ्या जुन्या मंडळींना, स्टॅनली, हॉर्टन, केली, पुलफर्ड आणि कॅप्टन जॉर्ज आर्मस्ट्राँग. 41 वर्षांचा स्टॅनली मॉन्ट्रियलच्या बेलिव्होसमोर फेसऑफला वाकला, पक केलीकडून पुलफर्डकडे, त्याच्याकडून आर्मस्ट्राँगकडे आणि रिकाम्या जाळ्यात. 3-1. प्लेऑफचा बेस्ट खेळाडू डेव्ह कीऑन.

टिम हॉर्टन म्हणजे ते कॉफीवाले टिम हॉर्टन्स?

हो तेच! रोज सकाळी आपण ज्या रांगेत उभे असतो ते दुकान या माणसाच्या नावाचं. पहिलं दुकान 1964 ला हॅमिल्टनमध्ये, तेव्हा तो लीफ्सचा डिफेन्समन होता, लीफ्सकडून एकूण चार कप जिंकला. 1974 ला बफेलोकडून खेळत असताना कार ॲक्सिडेंटमध्ये गेला.

तेव्हा लीगमध्ये सहाच टीम होत्या, मग त्या कपांना काय अर्थ?

हा प्रश्न नेहमी येतो आणि मला तो पटत नाही. एक तर सहा टीमचा काळ 1942 च्या शेवटापासून 1967 पर्यंत, त्याआधीचे चार कप त्यात येतच नाहीत. दुसरं, सहाच टीम म्हणजे जगातले सगळे चांगले खेळाडू त्या शंभर-सव्वाशे जागांसाठी भांडत होते, कमकुवत टीम मिळायचीच नाही. मुंबईने 1958-59 पासून सलग 15 वेळा रणजी जिंकली तेव्हाही क्रिकेट आजच्यासारखं पसरलेलं नव्हतं, म्हणून आपण त्या ट्रॉफ्या खोडतो का? नाही ना. हां, आज 32 टीम आहेत त्यामुळे जिंकण्याचा चान्स गणितानेच कमी झालाय, हे मान्य.

मग 1967 नंतर एकदाही का नाही?

लोक शाप वगैरे म्हणतात, मला तसं वाटत नाही, कारणं समोर आहेत. 1967 ला लीग सहाच्या बारा टीमची झाली आणि पुढे ड्राफ्ट (नवीन खेळाडू सगळ्या टीमनी आळीपाळीने निवडायची पद्धत) सगळ्यांना सारखा झाला. आधी लीफ्सकडे सेंट मायकल्स आणि मार्लबरोज अशा ज्युनियर टीममधून तयार पोरं थेट यायची, तो नळ बंद झाला. हाताखालच्या छोट्या टीमही विकून टाकल्या होत्या.

आणि मोठं कारण हॅरॉल्ड बॅलार्ड. 1972 ला टीमचा ताबा त्यांच्याकडे आला, त्याच वर्षी फसवणूक आणि चोरीच्या केसमध्ये ते दोषी ठरून जेलमध्येही गेले, आणि 1990 ला वारले तोपर्यंत मालकी सोडली नाही. कीऑनसारखा माणूस 1975 ला दुखावून निघून गेला आणि कितीतरी वर्षं क्लबपासून लांब राहिला. 1970 च्या दशकात चांगली टीम जमत होती, डॅरिल सिटलरने 1976 ला एका मॅचमध्ये 10 पॉइंट्स केले, तो रेकॉर्ड अजून आहे, लॅनी मॅकडोनाल्डने 1978 ला ओव्हरटाइम गोल करून आयलँडर्सना बाहेर काढलं. आणि 1979 ला त्याच मॅकडोनाल्डला ट्रेड करून टाकलं. सिटलरने चिडून जर्सीवरचं कॅप्टनचं अक्षर उपटून काढलं. मॅकडोनाल्डने पुढे 1989 ला कॅलगरीकडून कप उचलला. तेव्हाच्या फॅन्सना काय वाटलं असेल याचा विचार केला तरी राग येतो. एक अख्खी पिढी या माणसाने वाया घालवली असं माझं स्पष्ट मत आहे.

जवळ कधी आले होते?

सगळ्यात जवळ 1993. डग गिल्मरने सीझनमध्ये 127 पॉइंट्स केले होते. लॉस एंजेलिसविरुद्ध एक पाऊल फायनलमध्ये, सिरीज 3-2, सहाव्या मॅचच्या ओव्हरटाइमला लॉस एंजेलिसच्या ग्रेट्स्कीची स्टिक गिल्मरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं, रेफरीने पेनल्टी दिली नाही आणि थोड्याच वेळात ग्रेट्स्कीनेच गोल मारला. सातव्या मॅचला त्याने तीन मारले. इथले पन्नाशीचे लोक अजून त्या पेनल्टीवर तासभर बोलतात. फायनलला मॉन्ट्रियल वाट बघत होतं, आणि तो 1993 चा मॉन्ट्रियलचा कप हाच कॅनडातल्या टीमने जिंकलेला शेवटचा कप.

त्यानंतर 1994, 1999, 2002 ला कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे फायनलच्या आधीच्या राउंडपर्यंत. मग दुष्काळ. 2013 ला बॉस्टनविरुद्ध सातव्या मॅचमध्ये तिसऱ्या पीरियडला 4-1 पुढे असून 5-4 हरले. 2021 ला मॉन्ट्रियलविरुद्ध 3-1 पुढे असून हरले. 2023 ला टँपाला हरवलं तेव्हा 2004 नंतर पहिल्यांदा एक राउंड पार केला, टाव्हारेसचा ओव्हरटाइम गोल. 2025 ला ऑटावाला हरवलं पण फ्लोरिडाकडून सातव्या मॅचला घरच्या मैदानावर 6-1.

टोरंटोत हे सगळं बघायला कुठे मिळेल?

यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर हॉकी हॉल ऑफ फेम आहे, जुन्या बँकेच्या इमारतीत, तिथे लॉर्ड स्टॅनली यांनी दिलेलं मूळ भांडं आणि काढलेले पट्टे ठेवलेत, पोरांना घेऊन नक्की जा. गार्डन्समधली लीफ्सची शेवटची मॅच फेब्रुवारी 1999 ला झाली, आता तिथे खाली लॉबलॉज आहे आणि वर युनिव्हर्सिटीची आइस रिंक. किराण्याच्या रांगांमध्ये जमिनीवर एक लाल ठिपका आहे, बर्फाचा बरोबर मध्यबिंदू तिथे होता. लीफ्स आता खेळतात स्कोशियाबँक अरीनात, तिकीट महाग आहे, आधी घरी टीव्हीवर दोन-चार मॅच बघून खेळ समजून घ्या.

इंग्लिश कॉमेंट्री फास्ट वाटते, आईबाबांना काही कळत नाही.

मराठीत नाही, पण पंजाबीत आहे. हॉकी नाइट इन कॅनडाची पंजाबी कॉमेंट्री 2008 ला सुरू झाली आणि हिंदी समजणाऱ्या माणसाला बरीचशी कळते, त्यातला जोश तर सगळाच कळतो. आईबाबांना तीच लावून द्या.

पुण्याहून भाऊ बघायचं म्हणतो, किती वाजता?

प्लेऑफ एप्रिलपासून जूनपर्यंत, टोरंटोत संध्याकाळी सातची मॅच असेल तर भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत घड्याळ बदललेलं असतं तेव्हा साडेपाच. ओव्हरटाइम झाला तर प्लेऑफमध्ये गोल होईपर्यंत खेळतात, शूटआउट नसतो, त्यामुळे ऑफिसला उशीर होणार हे भावाला आधीच सांगून ठेवा.